प्रथम कार्डग्रहण: विधी, मुहूर्त आणि पथ्यं

सोळा संस्कार सांगणाऱ्यांच्या काळी पगार सॅलरी अकाउंटला जमा होत नसे, म्हणून सतरावा संस्कार सांगायचा राहून गेला. त्याची वेळ मात्र ठरलेली आहे. पहिली नोकरी लागून दोन-तीन पगार झाले की एका दुपारी, हात डब्यात आणि भाजीचं तेल बोटांना असताना, फोन वाजतो. पलीकडचा आवाज अत्यंत आदबीने सांगतो की आपल्यासाठी क्रेडिट कार्ड ‘प्री-अप्रूव्हड’ झालेलं आहे. कॉलेजपासून कॅम्पस इंटरव्ह्यूपर्यंत ज्याला सगळीकडे ‘कळवतो’ एवढंच ऐकावं लागलं, त्याला न मागता मंजुरी! अशा वेळी भलेभले विरघळतात. त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

सोयीसाठी एक उमेदवार धरू. गाव उदगीर, सध्या मुक्काम वाकड, फ्लॅटमध्ये तिघं जण. नोकरी हिंजवडीत, पगार हातात ४२ हजार. आजवर कुणाचा एक रुपया देणं नाही. मित्राने दिलेले चहाचे वीस रुपयेसुद्धा संध्याकाळच्या आत यूपीआयने परत करणारा मुलगा. घरच्यांना याचा अभिमान आहे आणि बँकेच्या दृष्टीने हाच त्याचा पहिला दोष.

कारण त्याची पत्रिका कोरी आहे. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान मोजतात; साडेसातशेच्या वर असला की बँका हसून बोलतात. पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याला स्कोअरच नसतो. कर्ज बुडवणाऱ्याची बँकेला निदान ओळख तरी असते. कुणाचं काहीच न बुडवणारा हा इसम कोण, तेच तिला कळत नाही. हे हसण्यावारी नेऊ नये. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापुरात ठरत आलेलं लग्न मुलाचा सिबिल स्कोअर पाहून मुलीकडच्यांनी मोडल्याची बातमी राज्यभर गाजली. छत्तीसपैकी गुण कितीही जुळोत, पुढे नऊशेपैकी किती हे विचारणारे मामा आता घरोघरी निघणार. तेव्हा लग्न डोक्यात नसलं तरी पुढेमागे घरकर्ज लागणार असेल, तर पत्रिका मांडायला घ्यावी. कार्ड हा त्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. सगळ्यात महागही तोच.

आता निवड. सर्वप्रथम रंग पाहावा. निळं-हिरवं कार्ड काढलं तर शेजारच्या टेबलावरचं कुणी मान वळवत नाही. काळं घ्यावं, आणि धातूचं मिळालं तर सोन्याहून पिवळं; बिलाच्या ताटलीत टाकलं की खण्णकन वाजतं. अलीकडे चहावाल्यापासून सोनारापर्यंत सगळीकडे क्यूआर स्कॅन करतात आणि कार्ड महिनोन्‌महिने पाकिटातून निघतच नाही, यात कार्डाचा काय दोष?

रंगानंतर लाउंज. वर्षाला आठ वेळा मोफत विमानतळ लाउंज, हे वाचून उमेदवाराच्या डोळ्यांपुढे कोचावर रेललेला, हातात कॉफी घेतलेला स्वतःचाच फोटो येतो. उमेदवाराचा प्रवास म्हणाल तर दिवाळी, उन्हाळा आणि चुलतभावंडांची लग्नं, तोही ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने. गाडी मध्यरात्री ढाब्यावर थांबते तिथे लाउंज नाही. तरीही लाउंजचं कार्ड घ्यावंच, कारण त्यात खरी मेख पुढे आहे. दारातली बाई कार्ड मशीनला लावते, दोन रुपये कापते आणि नम्रपणे सांगते की आपण पात्र नाही. बऱ्याच कार्डांवर ही सोय आता आधीच्या तिमाहीतल्या खर्चाला बांधलेली असते. कुठे ३५ हजार, कुठे त्याहून बरंच जास्त. म्हणजे जुलैत फुकटचा उपमा खायचा तर एप्रिलपासून जूनपर्यंत मन लावून खर्च करायला हवा. कष्टाशिवाय फळ नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतातच.

मग रिवॉर्ड पॉइंट. ही गणिताची शाखा आहे आणि बहुतेक जण तिच्या वाटेला जात नाहीत, म्हणून थोडं थांबून पाहू. साध्या कार्डावर १०० रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे, असा हिशेब सर्रास आढळतो. उमेदवाराने महिन्याला २० हजार कार्डावर खर्च केले तर २०० पॉइंट, म्हणजे ५० रुपये. वर्षाचे ६००. ते वळते करून घ्यायला कुठे कुठे ९९ रुपये फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. हातात पडले ४८३. एवढ्यात कॅटलॉगमधला मिक्सर येत नाही. भिंतीवरचं घड्याळ येतं, आणि तेही पॉइंटची मुदत संपायच्या आत मागवलं तर. वर्षभर प्रत्येक खरेदीनंतर ॲप उघडून पॉइंट किती झाले ते पाहिलं, त्या वेळेचा हिशेब कुणी मांडत नाही. जाऊ द्या.

वार्षिक फीबाबत शास्त्र स्पष्ट आहे. फी ४९९ रुपये, जीएसटी धरून ५८९. मात्र वर्षात एक लाखाचा खर्च केला तर माफ. उमेदवार वर्षाच्या शेवटच्या महिन्यात ॲपवर पाहतो तर आकडा ७७ हजारांवर अडलेला. मग तो ५८९ रुपये वाचवण्यासाठी २३ हजारांचा फोन घेतो आणि त्या रात्री शांत झोपतो. मॉलमध्ये जिन्यापाशी टेबल मांडून बसलेल्या मुलाकडून कार्ड घेतलं तर वर ट्रॉली बॅगही मिळते. तिचं चाक कधी निघेल ते सांगता येत नाही, पण कार्डाच्या आधी निघतं एवढं नक्की.

यानंतर घरच्यांची संमती. उमेदवार रविवारी फोन लावतो. आई म्हणते, “फुकट हाय म्हणतेत तर घे की रं.” बाबा जरा वेळ गप्प. मग विचारतात, “लिमिट किती दिलंय?”

“दीड लाख.”

“आन्‌ जामीन कोण?”

“कुणीच नाही, बाबा.”

“मग बँक येडी हाय का?”

उमेदवार हसून विषय बदलतो. खरं तर प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचं उत्तर पुढे येतं. तूर्त लिमिटबद्दल दोन शब्द. पगार ४२ हजार आणि लिमिट दीड लाख, हे पाहून आपली खरी किंमत ओळखणारं कुणीतरी अखेर भेटलं असं वाटणं साहजिक आहे. मॅनेजरने अप्रेझलला जे दिलं नाही ते बँकेने दिलं. लिमिट ही पगारवाढ आहे असं मानूनच चालावं, म्हणजे पुढच्या गोष्टी आपोआप घडतात. ज्यांना पत्रिका सुधारायची आहे ते बापडे लिमिटच्या तीसेक टक्क्यांच्या आत खर्च ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुमच्या स्पष्ट संमतीवाचून लिमिट वाढवता येत नाही, तेव्हा तसा मेसेज आला की ‘नको’ म्हणायची सोय आहे. ती कोण वापरतो?

मुहूर्त मात्र खरोखरीच पाहावा. या एका बाबतीत विनोद नाही. बिलाची तारीख आणि पैसे भरायची तारीख यांत साधारण २० दिवस असतात. समजा बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं. १३ जुलैला घेतलेली वस्तू १२ ऑगस्टच्या बिलात येते आणि पैसे १ सप्टेंबरला द्यायचे, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तीच वस्तू १२ ऑगस्टला घेतली तर २० दिवस. पगार १ तारखेला होत असेल तर बिल १५ च्या आसपास निघालेलं बरं, म्हणजे भरायची तारीख ४-५ वर येते आणि खात्यात तेव्हा पैसे असतात. बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. बँक आपण होऊन याची आठवण करून देईल ही आशा नसावी.

आता मुख्य विधी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

महिनाअखेर बिल येतं. वर ठळक अक्षरांत दोन आकडे: ‘टोटल अमाउंट ड्यू’ ४०,००० आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ २,०००. उमेदवाराच्या खात्यात अकरा हजार आहेत आणि शनिवारी मित्रांबरोबर लोणावळ्याला जायचं आहे. अशा वेळी दुसऱ्या आकड्यासारखा कनवाळू दुसरा कुणी नाही. दोन हजार भरले की फोन येत नाही, लेट फी लागत नाही, रेकॉर्डवर हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. उमेदवाराला वाटतं, मिटलं.

राहिले ३८,०००. व्याज महिना साडेतीन टक्के धरू. बाजारात असेच दर आहेत, जरा जास्तही. झाले १,३३०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९. पुढचं बिल ३९,५६९ आणि त्याचे पाच टक्के, म्हणजे ‘मिनिमम’ १,९७८. ते भरले तर त्यातले १,५६९ व्याजात आणि करात गेले. मुद्दल फिटली ४०९ रुपयांची. हा ढोबळ हिशेब झाला, बँकेचा बारीक हिशेब याहून कडक असतो, कारण व्याज ती खरेदीच्या तारखेपासून धरते. आणि खरी गंमत अजून बाकी आहे. मागची बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही ते पन्नास दिवस मिळत नाहीत. रविवारी डी-मार्टमध्ये घेतलेल्या तेलाच्या पिशवीवर रविवारपासूनच व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर तिला बिनव्याजी दिवस मुळीच नाहीत, वर अडीच टक्के किंवा किमान पाचशे रुपये फी.

महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. तीस टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे कुणीतरी वरून हा दर आवरेल, या भरवशावर लोणावळ्याला जाऊ नये.

विद्यार्थ्यांनी आणि पगाराची स्लिप नसलेल्यांनी निराश होऊ नये. बँकेत मुदत ठेव ठेवली तर तिच्या तारणावर कार्ड मिळतं. स्वतःचेच पैसे बँकेत ठेवायचे आणि त्यांच्याच भरवशावर उधार घ्यायचं, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पत्रिका मांडायला मात्र ते सगळ्यात बिनधोक, कारण लिमिट ठेवीपलीकडे जात नाही. वडिलांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड त्याहून सोपं. त्यात खर्च आपला आणि देणं वडिलांचं.

इतकं वाचूनही ज्याला बँकेचं लाडकं व्हायचं नाही, अशा हट्टी उमेदवाराने पगार जिथे होतो त्याच बँकेचं आजीवन मोफत, दिसायला सामान्य कार्ड घ्यावं. लाउंज नको, ट्रॉली बॅग नको. मोबाईलचं बिल, वाणसामान आणि पेट्रोल एवढंच त्यावर करावं. फोनवर ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन’ विचारतील तेव्हा डबा खाता खाता ‘हो हो’ म्हणू नये. न मागता कुणी कार्ड पाठवून बिल लावलं तर बँकेला ती रक्कम मागे घ्यावी लागते आणि तिच्या दुप्पट दंडही द्यावा लागतो, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत लिहिलेलं आहे. कार्ड नकोसं झालं आणि बाकी शून्य असेल तर बंद करायचा अर्ज द्या. बँकेला सात कामाचे दिवस मिळतात, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला तिने तुम्हाला पाचशे रुपये द्यायचे असतात. शंभराला पंचवीस पैसे देणाऱ्या पॉइंटांपेक्षा हा दर कितीतरी बरा.

आणि कार्ड हातात आलं की त्याच संध्याकाळी ॲपमध्ये ऑटोपे लावा. तिथे ‘मिनिमम ड्यू’ की ‘टोटल ड्यू’ असं विचारतात. ‘टोटल’ निवडा आणि त्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. ऑटोपे परत गेला तर त्याचाही दंड लागतो.