मुले पळवणाऱ्या टोळीस अनावृत पत्र

प्रति,
मुले पळवणारी टोळी,
मु. पो. व्हॉट्सअ‍ॅप

स. न. वि. वि.

तुम्ही पुन्हा शहरात उतरल्याची वर्दी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली आहे. या खेपेला तुम्ही म्हणे बोहारणींच्या वेशात आहात. मागे साधू होता, त्याआधी भंगारवाले. खाली नेहमीप्रमाणे ‘पोलिसांनीच सांगितलंय, सगळ्यांना पाठवा’. कुठल्या चौकीचे पोलीस, ते मात्र कधीच नसतं.

आमची तयारी चोख आहे. कॅमेरे बसवले, वॉचमन वाढवला, भाजीवालीलासुद्धा आधार कार्ड विचारतो. पोरांचं खाली खेळणं बंद केलं. तुमचाच काय तो पत्ता नाही.

२०२२ साली देशात खून झाले २८,५२२ आणि रस्त्यावर माणसं मेली १,६८,४९१. जवळजवळ सहापट. पण खड्डा काही वेश पालटून येत नाही, त्यामुळे त्याचा फोटो कुणी पुढे ढकलत नाही. तुमच्या धास्तीनं आमचे चेअरमन नातवाला हल्ली स्वतः शाळेत सोडतात. स्कूटरवर, पुढे उभा करून, बिनहेल्मेटचं आणि उलट्या बाजूनं, कारण सरळ गेलं तर वळसा पडतो.

त्याच वर्षीच्या स्त्रियांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. बलात्काराच्या गुन्ह्यांत तर दहातले नऊहून जास्त आरोपी ओळखीचेच निघतात. ही मंडळी आमच्या गेटवरच्या रजिस्टरात सही करत नाहीत. त्यांच्याकडे लॅचची किल्ली असते.

तुमचा तो गाजलेला व्हिडिओही पाहिला, मोटारसायकलवरून पोर उचलतानाचा. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला. तुमच्या धंद्यातली खरी कारागिरी तीच.

आणि राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजार. तुम्ही सापडलात असं लोकांना वाटलं. सापडले होते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावानं मारलं. पाच जण गेले. पोर एकही पळवलं गेलं नव्हतं.

त्याच महिन्यात, एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात आणली. तुमचं त्यानं काही अडलं नाही. आमच्याकडे पाच-पाच करत रात्रभर जागणारे पुष्कळ आहेत.

कळावे,
सेक्रेटरी

ता. क. खरंच यायचं ठरलं, तर मोटारसायकलनं येऊ नये. नाक्यावरचा खड्डा दोन पावसाळे तसाच आहे, आणि त्याबद्दल ग्रुपवर अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.