मुलकीसाहेबांस अनावृत पत्र

मुक्काम वाशी, जिल्हा धाराशिव

मेहेरबान मुलकीसाहेब यांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

अरबी 'मुल्क' शब्दाच्या कुळात आपला जन्म, आणि मुलखाचा तो मुलकी एवढाच आपला सरळ अर्थ. शेजारी बार्शीकडच्या इंग्रजी अमलात आपण महसुलाचा कारभार पाहत मुलकी पाटलाच्या नावामागे विनातक्रार नांदत असता, निजामाच्या रियासतीत मात्र आपणांस विलक्षण थोरवी प्राप्त झाली. १९१९ च्या फर्मानाने आपली व्याख्याच मुक्रर झाली. जो जन्माने रियासतीचा प्रजाजन तो मुलकी. जो १५ वर्षे राहिला आणि पूर्वस्थळी परतण्याचा विचार सोडल्याचे लिहून देता झाला, तोही मुलकी. आणि सरकारी नोकरी ती मुलक्यालाच, खुद्द निजामसरकारची मर्जी झाली तर गोष्ट निराळी!

आता आमचा वाशीचा कुणबी पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबल्यामुळे त्याचे मुलकीपण इतके निर्भेळ, की त्यास कोणी दाखला मागितला नाही आणि, दफ्तराची भाषा उर्दू व उस्मानिया विद्यापीठाचीही उर्दूच असल्यामुळे, कोणी नोकरीही दिली नाही. हाच गृहस्थ बार्शीच्या बाजारी गेला म्हणजे तेथील मंडळी त्यास, निजामाच्या मुलखातला म्हणून, 'मोगलाईतला' म्हणत. आणि मोगलाई म्हणजे अंदाधुंदी, हा अर्थ मराठी भाषेने कोणाच्या फर्मानाची वाट न पाहता कायम केला होता. घरी ज्याचा उपयोग नाही असा किताब आणि परमुलखी ज्याला जाब नाही अशी कुचेष्टा, अशा दुहेरी सन्मानात आमच्या वडीलधाऱ्यांचे आयुष्य गेले.

पुढे १९४८ साली रियासत गेली; बाहेरून अंमलदार आले, आणि १९५२ साली हैदराबादेत आपल्या नावाने विद्यार्थी रस्त्यावर उतरून गोळीबारापर्यंत मजल गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही मुंबई राज्यात आलो. आपण तेलंगणात मागे राहिलात, आणि १९७३ साली संसदेने कायदा करून आपली रजा मंजूर केली.

तथापि एक खुलासा व्हावा. हल्ली सरकारी भरतीच्या जाहिरातींत 'महाराष्ट्राचा अधिवासी' नावाचे एक सभ्य, संस्कृत गृहस्थ भेटतात, आणि वास्तव्याची मुदत विचारली असता तेही १५ वर्षेच सांगतात. दप्तर सोपवताना आपण हा आकडा त्यांच्या हवाली केलात, की त्यांनी आपणांस न विचारताच उचलला?

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
वाशीचा एक जन्मसिद्ध रहिवासी