मोठ्या घरातला कोपरा

फ्रान्सच्या खेड्यातल्या जुन्या हवेलीत सुट्टी घालवायची तर आधी खिडक्या शिकाव्या लागतात. ऑगस्टमधला दोर्दोन्य प्रांत चांगलाच तापतो. ऊन चढायच्या आत पूर्वेकडच्या लाकडी झडपा ओढून घ्यायच्या, दुपार कलायला लागली की पश्चिमेकडच्या. संध्याकाळी वारा सुटला की सगळ्या सताड उघडायच्या. एवढं इमानानं केलं तर बाहेर अंगाची लाही होत असताना त्या जाड दगडी भिंतींच्या आत चक्क पांघरूण घ्यावंसं वाटतं. फक्त ते घ्यायला सवड नसते. आमच्या हवेलीतली शेवटची झडप लावून होईपर्यंत पहिली उघडायची वेळ झालेली असे. आपण पदरचे पैसे मोजून इथे गडी म्हणून लागलो आहोत, हे मेहुण्याच्या पहिल्याच दुपारी लक्षात आलं.

"असल्या खिडक्यांवर कर बसवायला पाहिजे," तो म्हणाला.

बसवला होता. क्रांतीनंतरच्या फ्रेंच सरकारनं १७९८ मध्ये दारं आणि खिडक्या मोजून कर लावला, आणि तो थेट १९२६ पर्यंत चालला. घरात शिरून चौकश्या करायला नकोत, रस्त्यावर उभं राहूनच मालकाची ऐपत मोजता यावी, अशी ती सोय. लोकांनीही मग सोय पाहिली आणि खिडक्या चिणून टाकल्या. आमच्या जिन्यावर अशी एक आंधळी खिडकी होती. तिला झडप नसल्यामुळे ती आम्हा सर्वांची लाडकी.

अंगणात एक मनोराही होता. पाहिल्यावर वाटावं, इथून शत्रूवर नजर ठेवत असतील. आत डोकावलं तर भिंतभर कोनाडे. कबुतरखाना! जुन्या राजवटीत बऱ्याच भागांत कबुतरखाना बांधायचा मान जमीनदाराचा. कबुतरं त्याची, त्यांची खतासाठीची विष्ठा त्याची, मांसही त्याचंच. ती दाणे टिपायची ते शेत मात्र कुळाचं. ४ ऑगस्ट १७८९ च्या त्या प्रसिद्ध रात्री सरंजामी हक्क मोडीत निघाले, त्यात हा मानही गेला. माणसांच्या हक्कांबद्दल एवढं मोठं रामायण चाललेलं असताना कोणाला तरी कबुतरं आठवली, याचं मला कौतुक वाटतं. ज्याचं पेरलेलं बियाणं टिपलं गेलं असेल, त्याला ती आधी आठवणार म्हणा.

तर एवढं ते घर. त्यात दिवाणखाना होता, बसायचा धीर होऊ नये अशा खुर्च्या होत्या, आणि उभा माणूस मावेल एवढी शेकोटी होती. आणि आम्ही सगळे दिवसभर कुठे? स्वयंपाकघरात, विळीएवढ्या त्या टेबलाभोवती, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून. घर जितकं मोठं तितकी माणसं एका जागी गोळा होतात, असं माझं मत होत चाललं आहे. लुआर खोऱ्यातल्या शांबोरच्या महालाचंच पाहा. पहिल्या फ्रान्स्वा राजानं १५१९ मध्ये त्याचं काम सुरू केलं. चारशेच्या वर खोल्या, २८२ शेकोट्या. बत्तीस वर्षांच्या राजवटीत महाराज तिथे राहिले ते सगळे मिळून जेमतेम अडीच महिने. खिडक्या कोण लावत होतं, देव जाणे.

आमच्यापासून मोटारीनं जाऊन येण्याच्या अंतरावर आद्य निबंधकार मिशेल द माँतेनचा मनोरा आहे. निबंध लिहिणाऱ्यानं तिथे न जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन देऊळ चुकवणं. न्यायालयातली नोकरी सोडून १५७१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, हा गृहस्थ घरी आला. घर म्हणजे वाडा, जमीनजुमला, द्राक्षमळे. पण हा जाऊन बसला अंगणाच्या कोपऱ्यातल्या गोल बुरजात. खाली प्रार्थनाघर, वर निजायची खोली, त्याच्यावर हजारेक पुस्तकांचं ग्रंथालय आणि तुळयांवर रंगवलेली लॅटिन-ग्रीक वचनं. निजायच्या खोलीतून खालची प्रार्थना ऐकू यावी म्हणून एक पोकळी ठेवलेली आहे. परमेश्वराशी संबंध ठेवावा, पण जिना उतरू नये, ही युक्ती मला फार आवडली. बायको, मुलं, समाज यांच्यापासून एवढा एक कोपरा तरी मोकळा ठेवायची आपली धडपड आहे, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्या बागेतला कोबी कुठला आणि सॅलडचा पाला कुठला हेही आपल्याला धड कळत नाही, हीसुद्धा त्याचीच कबुली.

"मग घर कोण बघत होतं?" बायकोनं विचारलं. मी तुळयांवरची वचनं वाचू लागलो. मला लॅटिन येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

१८८५ मध्ये वाड्याला आग लागली. तो जळाला, मागाहून पुन्हा बांधला. बुरूज तेवढा वाचला.

राहता राहिली खेड्यातली शांतता. आमच्या गावातल्या चर्चची घंटा दर तासाचे ठोके दोनदा देई. पहिल्या खेपेला मोजायचे राहिले असतील तर असावेत, म्हणून थोड्या वेळानं पुन्हा. रात्री बारा वाजता चोवीस. त्यावर पहाटेचा कोंबडा. तक्रार करायची सोय नाही. ओलेराँ बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरतं येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला होता. २०१९ मध्ये कोर्टानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला. २०२१ मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास हा राष्ट्राचा वारसा आहे, असा कायदाच झाला. म्हणजे आम्हाला झोपू न देणारा तो प्राणी सरकारमान्य होता. शेणाच्या वासाचंही तेच.

माँतेनच्या बुरजावरही पहाटे आणि तिन्हीसांजेला मोठी घंटा वाजे. सगळा बुरूज हादरायचा. सुरुवातीला असह्य झालं, मग इतकी सवय झाली की जागही येईना, असं तो लिहितो. हे मी मेहुण्याला न्याहारीच्या वेळी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "त्याचं घर स्वतःचं होतं. आपल्याला शनिवारी दहाच्या आत किल्ली द्यायची आहे." आणि पूर्वेकडच्या झडपा लावायला उठला.