कॉफी केलीय

मुलाला सांभाळायला ठेवलेली बाई गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. फरशीवर रक्त. चार थेंब नव्हे, कुणाला तरी फरफटत नेल्यावर उरतो तसा लांबलचक पट्टा. मुलाची आई येते, काय चाललंय म्हणून विचारते. बाई सांगते, कॉफी केलीय. विषय संपला! आपल्याकडे एवढ्यावर अख्खी सोसायटी खाली जमली असती.

हा लुचो फुल्चीचा १९८१ सालचा ‘द हाऊस बाय द सिमेटरी’. ऐंशीच्या दशकातल्या इटालियन भयपटांवर माझा जीव जडला तो अशा जागांमुळे.

फुल्चीच्याच ‘द बियाँड’मध्ये एक गृहस्थ ग्रंथालयात शिडीवर चढून जुन्या हॉटेलचा नकाशा काढतात. वीज कडाडते, गृहस्थ धाडकन खाली. हलता येईना. मग कुठूनसे टॅरँटुला कोळी येतात. काही खरे, काही उघड उघड खोटे, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालतात, लपवाछपवी नाहीच. ओठ, नाक, जीभ, डोळा... पंगतीत वाढावं तसं सावकाश, एकेक पदार्थ. दुसऱ्या कुणी हे चटकन उरकलं असतं. फुल्ची कॅमेरा हटवायलाच तयार नाही. आधी किळस येते, मग डोळ्यांवर हात जातो आणि मग बोटांच्या फटीतून बघताना असं हसू फुटतं की आवरता आवरत नाही. याच फुल्चीने आपला पहिला चित्रपट १९५९ साली तोतो या विनोदी नटाला घेऊन केला होता. टायमिंग तेच, पुढे माल तेवढा बदलला.

लाम्बेर्तो बावाचा ‘डेमन्स’ (१९८५) तर बर्लिनच्या एका थिएटरातच घडतो. प्रेक्षकांचे राक्षस होतात, नायक खुर्च्यांमधून मोटरसायकल हाकत तलवार फिरवतो, आणि छत फोडून हेलिकॉप्टर पडतं. कुणाचं, कशाला, विचारायचं नाही. हल्लीच्या भुतांना बालपणीचं दुःख असतं, त्यांची समजूत काढावी लागते. इथे सगळा गोंधळ, पण चेहरे परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. मजा त्यातच आहे. यातला एक जरी हसला असता तर सगळंच फुकट गेलं असतं.

दारिओ आर्जेन्तोचा ‘फिनॉमिना’ (१९८५) मी हिला मुद्दाम दाखवला. त्यात कीटकतज्ज्ञाचा चिंपांझी मालकाच्या खुनाचा सूड घ्यायला शेवटी वस्तरा घेऊन बरोब्बर खुन्याकडे पोचतो.

“त्याला पत्ता कुणी दिला?” हिने विचारलं.

“पत्ता राहू दे,” मी म्हटलं, “वस्तरा कसा धरलाय ते बघ!”