भाईंचा पंचनामा

श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात मशीन बंद पडलं की जायच्या जागा दोन. ते चालू करून हवं असेल तर बाजारातला मेकॅनिक आणि ते का बंद पडलं हे कळायला हवं असेल तर भाई. दुसऱ्या कामासाठी येणारे थोडेच. पण जो येतो त्याला भाई ओटीवर बसवून, चहा पाजून, त्याला हवं होतं त्याच्या चौपट कळवून सोडतात.

भाई एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अंगात बाह्यांचा बनियन, खाली लेंगा, कानावर पेन्सिल. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. ती का मोडली याची संपूर्ण कारणमीमांसा त्यांच्याकडे तयार आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि वाडीवाडीतले माड, पोफळी, आंबे आडवे करून गेलं. आडवी झाडं तोडायला मग घरोघरी पेट्रोलवरचे कटर आले. तोवर भाईंची भिस्त पाण्याचे पंप आणि जुन्या स्कूटरी यांच्यावर होती. कटरचं इंजिन टू-स्ट्रोक; त्यात तेलाची वेगळी टाकी नाही. म्हणजे चेनला तेल देणारी असते, पण इंजिनाला मिळायचं ते पेट्रोलात मिसळूनच. हे माणसांनी विसरायचं आणि इंजिनांनी जाम व्हायचं, असा क्रम सुरू झाला आणि भाईंना उतारवयात चांगले दिवस आले.

भाईंचा सिद्धांत एकच. "मशीन आपणहून मरत नाही. कोणीतरी मारतं."

परवा खालच्या आळीतला पोरगा कटर घेऊन आला.

"भाई, दोरी येतच नाही."

"किती वेळा ओढलीस?"

"पाच-सहा वेळा. मग बाबांनी ओढली. मग मुंबईचा आतेभाऊ आलाय, त्यानं पाय देऊन ओढली."

भाईंनी कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं : संशयित तीन.

"चेनचा ब्रेक लागलाय का बघायचं?" पोरानं आपलं डोकं चालवलं.

"ब्रेक चेन धरतो, इंजिन नाही धरत. मध्ये क्लच आहे. बस तिथे आणि कशाला हात लावू नकोस."

आधी त्यांनी दोरीचं कव्हर उतरवलं आणि सुटी दोरी ओढून पाहिली. सर्रकन आली, सर्रकन आत गेली. "दोरी निर्दोष." मग इंजिनाच्या चाकाला, म्हणजे मॅग्नेटला, हात घालून फिरवायला गेले. तो जागचा हलेना. मग प्लग काढला. सिलिंडरात पेट्रोल तुंबलं असेल तर पिस्टन वर सरकू शकत नाही आणि प्लग काढला की पेट्रोल बाहेर पडून इंजिन मोकळं होतं. इथे थेंब आला नाही, मॅग्नेटही हलला नाही. भाईंचा चेहरा उजळला. साधी केस असती तर सकाळ फुकट गेली असती.

मग सायलेन्सर उतरला. त्याच्यामागच्या भोकातून पिस्टनची कड दिसते. भाईंनी बॅटरी मारली आणि पोराची मान धरून त्याला आत बघायला लावलं. चकचकीत असायला हवा त्या पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजरानं दार बोचकारावं तसे.

"हे नुसते याच बाजूला असले तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालं, इंजिन तापलं. कुठून तरी हवा ओढतंय म्हणायचं, नाहीतर कार्बोरेटरचा स्क्रू कोणीतरी पिळलाय. पण चहूकडून असले तर...?"

"तर?"

"तर कार्बोरेटर काढ."

कार्बोरेटर निघाला. त्या बाजूलाही तेच ओरखडे. भाई वही मिटून म्हणाले, "तुझ्या आतेभावाला बोलाव."

आतेभाऊ आला तो हात झटकतच. "मी फक्त पेट्रोल भरलं."

"तेल किती घातलंस? लिटरला वीस मिली की चाळीस?" डब्यावर लिहिलेलं असतं, चांगल्या टू-टी ऑइलला बहुधा वीस पुरतं.

"हल्लीच्या पेट्रोलमध्ये असतंच की मिसळलेलं."

"हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. वीस टक्के. ते पाणी ओढतं. तेल नसतं!"

तरी तो कबूल होईना. दुकानदारानं सांगितलं, कोणाकोणाकडे पाहिलं, असं त्याचं चाललं होतं. भाईंनी प्लगच्या भोकातून गंज सोडवायचं तेल सोडलं आणि तपास पुढल्या सकाळवर ढकलला. सकाळी मॅग्नेट जरासा हलला.

"सुटलं!" पोरगा ओरडला. "आता चालू होईल?"

"सुटणं निराळं आणि बरं होणं निराळं. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला चोपडलंय. असंच चालवलंस तर संध्याकाळच्या आत पुन्हा धरेल." त्यांनी सिलिंडर उचलला, पिस्टन काढला आणि आतेभावाच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि खाली बघत म्हणाला, "नव्हतं घातलं."

तिथे भाईंचा रस सरला. सुटे भाग घमेल्यात भरून त्यांनी पोराला बाजाराची वाट दाखवली. जोडायचं काम त्यांनी कधी अंगावर घेतलं नाही. घरात काकू म्हणतात, "माझा मिक्सर का बंद पडला ते मला पाच वर्षं ठाऊक आहे."

भाई पैसे घेत नाहीत. खराब झालेला पिस्टन मात्र ठेवून घेतात. ओटीवरच्या फळीवर ते ओळीनं मांडलेले आहेत, प्रत्येकाखाली चिठ्ठी.

पुढे त्याच आतेभावाची चौकशी करायला मुलीकडची माणसं गावात आली आणि कोणीतरी त्यांना भाईंचं घर दाखवलं. भाईंनी मुलाचं कौतुक केलं, नोकरी चांगली, घराणं चांगलं, सुपारीचंही व्यसन नाही. आणि शेवटी फळीवरचा पिस्टन काढून पाहुण्यांपुढे ठेवला.

मुलीच्या वडिलांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. "विचारल्यावर कबूल केलं का?"

"आधी नाही. पुरावा हातात दिल्यावर केलं."

"मग हरकत नाही," ते उठत म्हणाले. "आमच्या मुलीला पुरावे ठेवायची सवय आहे."