इहिदे, इसन्ने, सलास

अहो वहिनी, थांबा, कढीपत्ता मीच तोडून देते. इकडून हात पोचतो माझा. कळलं ना तुम्हाला, कोपऱ्यावरच्या ताई उद्या परत तालुक्याला निघाल्यात? साडेसातची एसटी. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचे दोन जोड आणि ते भिंग. भाऊजी स्टँडवर सोडायला जातात म्हणे! ज्या माणसाला चहा हातात आल्याशिवाय पेपर उघडता येत नव्हता, तो आता उभा राहून कुकरच्या शिट्ट्या मोजतो. ऐकीव नाही हं, त्यांची स्वयंपाकघराची खिडकी आमच्याच बाजूला आहे.

नाही हो, नोकरी कुठली. मोडी वाचतात त्या.

मुलगा बंगळूरला गेला, मुलीचं लग्न झालं, तेव्हा काय दशा झाली होती आठवतंय ना? अठ्ठेचाळीसचं वय, पाळी जायची वेळ, रात्रभर झोप नाही. दुपारी चारला बघावं तर फाटकात उभ्या. ‘काय चाललंय’ विचारलं की ‘चालायचंय काय!’ सल्ले द्यायला आपण होतोच. मी भिशीत ओढलं, तुम्ही योगासनांना नेलंत. मग केक शिकल्या, तर भाऊजींची साखर वाढली. मोबाइलवरचे कुणी महाराज म्हणाले, स्वतःचा शोध घ्या. आता दोन खोल्या नि स्वयंपाकघरात शोधून शोधून किती शोधणार? आपण काय कामाच्या, हे डोळे मिटून बसल्यावर कळत नाही हो कुणाला. काम अंगावर येऊन पडावं लागतं. ताईंच्या अंगावर ते माळ्यावरून पडलं.

म्हणजे सासरचं गावाकडचं घर पाडायला काढलं, तर माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. आत कागदच कागद, सगळे मोडीत. दीर म्हणाले, रद्दीत घाला. ताई म्हणाल्या, आधी वाचून तर घेऊ. एक वाचणारे भेटले. पानामागे पैसे घेतले आणि हातात काय ठेवलं? ‘जमिनीसंबंधी काहीतरी मजकूर आहे.’ काहीतरी! ताईंचं टाळकंच फिरलं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे छोटे वर्ग असतात, तिथे नाव घालून आल्या. वर्गात कोण, तर एक निवृत्त तलाठी, एक वकील, इतिहासाची चार पोरं आणि ह्या.

मला वाटलं, आठवडाभराचं खूळ. पण बाईंनी वह्या भरल्या हो! मला दाखवलं होतं एकदा. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग वाळत घातल्यासारखी तिला अक्षरं टांगत जायची. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांत जागासुद्धा सोडायची नाही. मी म्हटलं, मग वाचायचं कसं? तर ताईंनी लिहून दाखवलं, ‘सूनबाईलाजरीचीसाडी’. आता तोडा कुठे तोडायचं ते! सूनबाईला जरीची साडी, की सूनबाई लाजरीची साडी? आणि ‘र’ म्हणे एकाच कागदावर दोन-तीन तऱ्हांनी भेटतो.

मध्यंतरी भाजी चिरताना त्या काहीतरी पुटपुटायच्या, आठवतं? इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... मला वाटलं कुणी मंत्रबिंत्र दिला. तर ते आकडे, अरबी! पूर्वी कागदावर सुहूर सन घालायचे, त्यात असं लिहायचे. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की आपला इसवी सन. आणि नवीन वर्ष लागायचं मृगाला. मला हे फार आवडलं बघा. पाऊस आला की वर्ष सुरू. त्या फटाक्यांपेक्षा बरं.

खजिना? कसला हो खजिना! एका आंब्याच्या झाडावरून भावाभावांचं भांडण, आणि कुणा बाईने उसने नेलेले दोन पायली जोंधळे. ताई म्हणाल्या, ते भांडण वाचताना दिरांचा आवाजच ऐकू येत होता.

ट्रंक संपली. मी म्हटलं, चला, आता परत फाटकात येतील. तेवढ्यात ते २०२३ साल आलं. मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मग तेच काम सगळ्या राज्यात सुरू झालं. मराठा आरक्षणाचं राहू द्या, त्यात मी पडत नाही, आमच्या घरात त्यावरून दोन ताटं वेगळी होतात. पण नोंदी असायच्या कुठे? जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, नाहीतर शाळेच्या जुन्या दाखल्यांत, जमिनीच्या पत्रकांत. त्यातलं पुष्कळसं मोडीत, निजामाच्या मुलखात उर्दूतसुद्धा. आणि कचेरीत मोडी येणारा माणूस नाही! जिल्ह्या-जिल्ह्यांत जाणकारांची शोधाशोध. मग कुणीतरी त्या तलाठ्यांना विचारलं, आणि तलाठ्यांनी ताईंचं नाव सुचवलं.

तेव्हापासून त्या जातायत. सगळं गोडगोड आहे असं नका समजू. धुळीने शिंका, बाकावर बसून कंबर धरते, कागद हातात घेतला की कडा गळतात. एक दिवस तर एक म्हातारेबाबा आले, बरोबर पांढऱ्या कपड्यातले दोघं. तेच हो, ‘साहेबांनी पाठवलंय’वाले. म्हणाले, बाई, इथे पणजोबांच्या नावापुढे तेवढं कुणबी दिसतंय असं सांगा की. ताईंनी भिंग पुढे केलं. म्हणाल्या, बघा, शाई गेलीय, जात वाचता येत नाही, मी ‘वाचता येत नाही’ एवढंच लिहिणार. आवाज चढला तरी हलल्या नाहीत. आणि मग त्यांनाच बसवून घेतलं, शेजारच्या गावाचं रजिस्टर मागवून संध्याकाळपर्यंत चाळलं. नाही सापडलं. वहिनी, ही तीच बाई, जी जाऊबाईने न विचारता नेलेला कुकर परत मागायला दहा वर्षं घाबरत होती!

फाटकातल्या बाई आणि ह्या बाई एकच का, असा मला कधीकधी प्रश्न पडतो.

थोडा तोरा आलाय, नाही म्हणत नाही. बोलता बोलता रियासतकार सरदेसाई काढतात. ते म्हणे बडोद्याची नोकरी संपवून १९२५ साली साठीला मोकळे झाले, कामशेतला राहिले आणि १९३० ते ३४ मध्ये पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले. साठीनंतर! मी विचारलं, त्या ४५ खंडांच्या वेळी त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं? ताई हसल्या. म्हणाल्या, शोधते.

आणि भाऊजींचं ऐका. परवा मला कुंपणापाशी गाठून म्हणतात, आमच्या हिची पन्नाशी झाली, आता दगदग झेपेल का? मी म्हटलं, भाऊजी, दगदगीची काळजी आहे की पोळ्यांची? मान खाली घालून दोडके नीट करत बसले बिचारे. शिरा मात्र छान काढतात.

काय म्हणालात? तुमच्या सासऱ्यांच्या कपाटातही आहेत कागद? मग द्या की त्यांच्याकडे. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घडीवर घडी घालू नका, आणि फाटलंय म्हणून चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. गेल्या वेळी त्यावरून मला दहा मिनिटं ऐकवलं त्यांनी. पैसे पडतील, पानामागे, रोख. शेजारधर्म म्हणून काही सूट मिळते का, ते विचारू नका. मी विचारून बसलेय.

घ्या, कढीपत्ता. अजून हवाय?