वीस पाऊणे पंधरा

आमच्या घरात बाहेरच्या खाण्याला इज्जत नाही. बाहेरचं तूप, बाहेरची चकली, बाहेरचं लोणचं ही आईच्या मते एकाच पापाची वेगवेगळी रूपं. त्यामुळे मुलीने टिकल्याला घरी आणलं आणि त्याच्यासोबत तपकिरी गोळ्यांची एक भलीमोठी पिशवी आणली, तेव्हा आईने त्या गोळ्या चष्मा वर करून पाहिल्या आणि निकाल दिला, “असल्या लेंड्या खाऊन कुत्रं जगतं होय? त्याला घरचं घालू.” पुढे मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, टिकल्या पुण्यातच राहिला, आणि ‘घालू’मधलं अनेकवचन एकवचन कधी झालं ते कळलं नाही. मी तेव्हा नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. घरात रिकामे हात दोनच होते आणि ते माझे होते.

बायकोने पहिल्याच दिवशी सीमारेषा आखली. घर शाकाहारी, चिकन ओट्यावर चढणार नाही. तेव्हा बाल्कनीत इंडक्शनची शेगडी, वेगळा कुकर, वेगळी सुरी, वेगळी पळी असा माझा संसार थाटला गेला. भांड्यांची सरमिसळ नको म्हणून कुकरवर नाव घालायला दिलं. आमच्याकडे लग्नातल्या ताटांवर देणाऱ्यांची नावं तारखेसकट आहेत, तशी रीतच आहे. दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं, “काय घालू?” मी म्हटलं, टिकल्या. त्याने ते घातलं आणि मशीन तसंच धरून विचारलं, “आणि आडनाव?”

चिकनच्या दुकानातही असाच पेच. कुत्र्यासाठी हवंय म्हटल्यावर त्या माणसाने मोठ्या प्रेमाने पाय-मुंड्यांचा ढीग पुढे केला. मी म्हटलं, “बोनलेस द्या. कातडी काढून.” त्याने माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. त्याचंही चूक नव्हतं. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात, हे मला डॉक्टरांनी बजावलं होतं. हल्ली तो मला लांबूनच ‘बोनलेसवाले काका’ अशी हाक मारतो, आणि सोसायटीतल्या लोकांची खात्री पटली आहे की निवृत्तीनंतर माझा पाय घसरला. पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवून काही उपयोग होत नाही.

खरी मौज पुढेच होती. स्वयंपाक करायचा म्हणजे मराठी माणूस काय करतो? फोडणी करतो. जनावरांच्या डॉक्टरांनी वर्ज्य पदार्थांची यादी सांगायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं, की ते आमच्या स्वयंपाकघराची मोजदाद करत आहेत. कांदा नको, लसूण नको. त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजरांना तर त्याहून कमी पुरतं. बरं, शिजवल्याने किंवा तळल्याने ते जात नाही, आणि वाळवून पूड केली तर उलट जास्त एकवटतं. म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची बरणी, जी आमच्याकडे देवघराखालोखाल मानाची, ती आधी बाद. द्राक्षं नकोत, बेदाणे नकोत. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होतात. तासगावचे नातेवाईक दर वर्षी बेदाण्यांचं खोकं पाठवतात आणि आईला सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून मुक्या जिवाला घालायची हौस. ते खोकं आता माळ्यावर गेलं आहे. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते पोटात गेलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. यीस्ट घातलेली कच्ची कणीक नको, ती पोटात जाऊन फुगते.

आणि चिंच! द्राक्षांत नेमकं काय बाधतं, हे कित्येक वर्षं कळत नव्हतं. अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी २०२१ साली टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि मग चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही पुढे आल्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई आमटीत चिंचेचा कोळ घालत होती. तिचा हात तसाच थांबला. एकेक पदार्थ ऐकत तिने आत्तापर्यंत धीर धरला होता, पण चिंच-गुळाच्या आमटीवर बोट ठेवल्यावर तिला राहवेना. “कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही, फोडणी नाही. त्या कुत्र्याला काय सुतक आहे का?”

मग तिने नामदेवांना साक्षीला काढलं. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आता या गोष्टीवर काय बोलणार? कथेतला भाव मला मान्यच आहे. पण एकदम भरपूर तूप-तेल पोटात गेलं, तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ओकाऱ्या सुरू होतात, सलाइन लावावं लागतं. मी एवढंच म्हटलं, की नामदेवांची वाटी लहान असणार.

एका बाबतीत मात्र आईचा दणदणीत विजय झाला. मुलीचं म्हणणं होतं, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा, त्याला भाकरी कशाला? स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये छापलं, की पिष्ट पचवणाऱ्या विकराचं जनुक लांडग्याकडे दोन प्रतींत असतं आणि कुत्र्यांकडे त्याच्या कितीतरी पट. माणसाच्या खरकट्यावर हजारो वर्षं काढल्यावर त्यांनी पोटात तशी सोय करून घेतली. मुलीनेच फोनवर हे प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “आम्हाला हे जनुकाशिवाय माहीत होतं.” त्या दिवसापासून टिकल्याच्या ताटात चिकन, भात आणि उकडलेल्या लाल भोपळ्याच्या शेजारी ज्वारीच्या भाकरीचा चतकोर कायमचा आला.

मुलीने याची परतफेड लगेच केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी त्याच २०१३ साली कुत्र्यांसाठी छापून आलेल्या २०० घरगुती पाककृती तपासल्या होत्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक पोषक घटक कमी निघाला. आई म्हणाली, “त्या दोनशेत माझी एकही नव्हती.” हे खरं होतं, पण माझ्या पोटात गोळा आला. कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. नुसत्या चिकन-भातावर ठेवलेलं पिल्लू रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला स्वतःच्या हाडांतून उचल करतं. ठेव मोडून घरखर्च चालवणारी अशी खाती मी बँकेत पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती कशी बंद होतात तेही. अंड्याच्या कवचाची पूड घातली तर कॅल्शियम मिळतं, पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची तूट भरून निघत नाही. म्हणून डॉक्टरांनी टिकल्याच्या वजनाप्रमाणे एक पूड लिहून दिली आणि ती ग्रॅममध्ये मोजायची ताकीद दिली. आमच्याकडे ‘रुचिरा’ आहे, तीही वाटी-चमच्यांची. ग्रॅमचा काटा या घरात पहिल्यांदा आला तो कुत्र्यासाठी. त्यावर आता बायको गुपचूप केकचा मैदा मोजते, ते मला दिसतं.

मी मात्र यात रमलो, हे सांगायला हवं. सकाळी बाल्कनीत कुकरची शिट्टी होते, टिकल्या जाळीपाशी येऊन बसतो, आणि आपल्या स्वयंपाकात मीठ कमी पडलंय असं आयुष्यात कधीही न म्हणणारा खवय्या समोर असल्यावर माणसाला सुगरणपणाचा भास होऊ लागतो. मी बायकोला तसं एकदा म्हणालोही. ती म्हणाली, “तो चपलासुद्धा आवडीने खातो.”

भामेचं तसं नाही. सत्यभामा ही आमची मांजर. आणली कोणीच नाही, ती राहायला आली. आईने तिला साखर घालून दूधभात द्यायला सुरुवात केली होती. यात तीन वस्तू होत्या आणि तिन्हींचा निकाल विरुद्ध लागला. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. डोळे मिटून पितात खरं, पण पुढचं आपल्याला डोळे उघडे ठेवून पुसावं लागतं. भात पोट भरतो, पण मांजराचं शरीर मांसावरच चालणारं. आणि साखर? फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं, की गोडाची चव घेणारं एक जनुक मांजरांत बंदच पडलेलं आहे. इतके दिवस भामा साखर खात होती ती केवळ आमच्या समाधानासाठी. म्हणजे तिच्या स्वभावात भीड बसते असं नव्हे, पण दुसरं कारण सुचत नाही.

टिकल्याचंच थोडं तिला वाढावं असा साधा विचार मी केला होता. डॉक्टरांनी तोही मोडला. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय सैल पडतं. हृदयाचं हे कोडं डेव्हिसच्याच लोकांनी १९८७ साली उलगडलं, आणि गंमत अशी, की त्यांतली बरीच मांजरं दुकानातलं तयार अन्न खाणारी होती. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं ते त्यानंतर. शिवाय टॉरिन पाण्यात उतरतं. चिकन उकडून पाणी मोरीत ओतलं की अर्धं काम मोरीत गेलं. गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करणं कुत्र्याला जमतं, मांजराला जमत नाही. कलेजीतून मिळतं, पण ती रोज रोज भरपूर दिली तर त्याच जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मणके आखडतात.

हे सगळं जमवून, रश्शासकट, टॉरिन मोजून मी भामेपुढे बशी ठेवली. तिने वास घेतला आणि शेजारची फरशी पंजाने उकरली, झाकून टाकावं तशी. आई म्हणाली, “भूक लागली की खाईल.” आम्ही तिघं भावंडं याच एका वाक्यावर वाढलो. पण मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. उपोषण हे हत्यार या देशात थोरामोठ्यांनी वापरलं आहे, पण ज्याच्या यकृताचाच त्याला पाठिंबा आहे असा सत्याग्रही मी पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळी शरणागती झाली. डॉक्टर म्हणाले, मांजरासाठी ‘संपूर्ण आहार’ असं छापलेलं तयार अन्नच द्या, तुमचं चिकन अधूनमधून चवीपुरतं. माझंही मत आता तेच आहे: कुत्र्याचं घरी करायला जमतं, मांजराचं ज्याला जमेल त्याने छाती काढून चालावं. अशा रीतीने पुन्हा लेंड्या घरात आल्या. आईने त्या पिशवीत राहू दिल्या नाहीत. बेसनाच्या लाडवांच्या डब्यात ओतल्या, डबा फडताळात ठेवला, आणि आता ती भामेला म्हणते, “ये, घरचं देते.”

राहिला प्रश्न किती द्यायचं याचा. डॉक्टरांनी सूत्र दिलं: किलोतल्या वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०. टिकल्या २० किलोंचा. मी मुलीचा कॉलेजातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर शोधून काढला, सेल घातले, आणि २०चा पाऊण घात ९.४६ आला. गुणिले ७० म्हणजे ६६२ कॅलरी. हे नुसतं पडून राहायला. नसबंदी झालेल्या, हिंडत्याफिरत्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याला साधारण १.६ ने गुणायचं, आले १०५९. मी हे कागदावर मांडत असताना आई शेंगा सोलत होती. तिच्या कानावर फक्त ‘पाऊण’ आणि ‘सत्तर’ पडलं. घात वगैरे तिच्या शाळेत नव्हतं, पाऊणकी होती. तिने शेंगेवरून नजर न उचलता म्हटलं, “वीस पाऊणे पंधरा. पंधरा सत्तरी एक हजार पन्नास. एवढा वेळ लागतो?”

नऊ कॅलरींचा फरक. भाकरीचा एक तुकडा. मी कागदाकडे बघत राहिलो. पद्धत साफ चूक, उत्तर जवळजवळ बरोबर. बँकेत असताना असं ताळेबंदात दिसलं, की आम्ही ताबडतोब वरिष्ठांना कळवत असू. इथे वरिष्ठ शेंगा सोलत होत्या.

इथवर ठीक होतं. पण आई संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसते. थोड्याच दिवसांत सोसायटीत कुत्र्यांच्या जेवणाचा सल्ला मोफत मिळू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा लॅब्रॅडॉर ४० किलोंचा; चाळीस पाऊणे तीस, तीस सत्तरी एकवीसशे. सूत्राने त्याला १७८० पुष्कळ होतात, आणि त्याच्या बरगड्या तशाही हाताला लागत नव्हत्या. तळमजल्यावरच्या काकूंचा पॉमेरेनियन ४ किलोंचा. चार पाऊणे तीन, तीन सत्तरी दोनशे दहा. त्याला हवेत ३१७. तो बिचारा माझ्या कुकरची शिट्टी झाली, की बाल्कनीच्या बरोबर खाली येऊन वर तोंड करून बसू लागला, तेव्हा मला सुगावा लागला.

मी बाकावर गेलो, कॅल्क्युलेटर घेऊनच. सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, की लहान जिवाला किलोमागे जास्त लागतं आणि मोठ्याला कमी, म्हणून पाऊणपट वेगळी आणि पाऊण घात वेगळा. दोन्ही हिशेब जुळतात ते फक्त वीसेक किलोंच्या आसपास. टिकल्या तेवढा निघाला हा योगायोग. काकूंनी मान डोलावली. लॅब्रॅडॉरच्या मालकांनी कागदावर १७८० लिहून घेतलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, काठी टेकून उठली आणि म्हणाली, “पाऊणकी आजवर कुणाची चुकलेली नाही. त्या लॅब्रॅडॉरला आधी वीस किलोंवर आणा.”